लिनक्सच्या संगणकावर प्रिंटर कसा चालू करतात?

आपल्या शाळेच्या संगणकावर आता लिनक्स घातले आहे. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. तिचा गाभा फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. ती फुकट मिळते. संगणक लगेच सुरू झाला, पण प्रिंटर काही केल्या छापेना! सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका तर छापायच्या होत्या. नाहीतर गुरुजींना परत तालुक्याला हेलपाटा पडला असता.

मित्रांनो, संगणक बोलतो ते प्रिंटरला कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. आम्हाला आधी एसटीचाच ड्रायव्हर वाटला! पण हा एक प्रोग्राम असतो. खोक्यात सीडी होती, पण ती विंडोजसाठी. लिनक्सला तिचा काही उपयोग नाही. हल्लीच्या पुष्कळ नव्या प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, आपला मात्र जुना आहे.

प्रथम प्रिंटरचा दिवा आणि केबल बघावी. मग प्रिंटरवर लिहिलेला नंबर नीट उतरवून घ्यावा. हे फार महत्त्वाचे.

लिनक्समध्ये छपाईचे सगळे काम कप्स नावाचा प्रोग्राम बघतो. त्याचे पान ब्राउझरमध्ये उघडते. वर लोकलहोस्ट लिहायचे, मग दोन टिंबे, मग ६३१. गंमत म्हणजे नेट बंद असले तरी ते पान उघडते, कारण ते आपल्याच संगणकात असते. तिथे 'ॲड प्रिंटर' दाबले की पासवर्ड विचारतो. तो गुरुजींनीच घातला. मग यादीतून आपला प्रिंटर आणि त्याच्या नंबरचा ड्रायव्हर निवडायचा. यादीत नसेल तर नेटवरून आणावा लागतो. गुरुजींनी आपल्या मोबाईलचे नेट जोडून आणला. मग चाचणीचे पान छापून बघितले. अक्षरे स्वच्छ आली आणि प्रश्नपत्रिका त्याच दिवशी झाल्या.

ड्रायव्हर भलताच निवडला तर पानापानावर वेडीवाकडी चिन्हे येत राहतात. तेव्हा नुसता प्रिंटर बंद करून भागत नाही. काम संगणकाकडे शिल्लक असते, म्हणून चालू केला की पुन्हा तेच सुरू! कप्सच्या पानावर जाऊन ते काम रद्द करावे लागते. कागद महाग आहे.

कधी कधी कागद अडकला की कप्स प्रिंटरला थांबवून ठेवतो. कागद काढला तरी छापत नाही. तेव्हा तिथेच 'रिझ्यूम प्रिंटर' निवडावे.

कागद अडकण्यावरून गुरुजींनी एक खरी गोष्ट सांगितली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेतल्या नव्या प्रिंटरमध्ये कागद सारखा अडकायचा. अडकला की सगळ्यांना निरोप जावा असा बदल त्यांना प्रोग्राममध्ये करायचा होता. पण तो प्रोग्राम कसा लिहिलाय ते त्यांना कोणी दाखवीना. पुढे १९८३ साली त्यांनी सर्वांना उघड्या असलेल्या प्रोग्रामांचे जीएनयू नावाचे काम जाहीर केले. आपल्या लिनक्समध्ये त्यातलेच पुष्कळ प्रोग्राम आहेत.