एकवीस हजारांचा दाखला

दौंड हे जंक्शनचे गाव. सोलापूरकडे आणि मनमाडकडे जाणारे रूळ इथे फुटतात आणि शहर वाढले ते रेल्वेच्याच आधाराने. म्हातारपणाच्या किती तऱ्हा असू शकतात हे या एका तालुक्यात नीट पाहायला मिळते. जुन्या नियमांनी रेल्वेतून किंवा राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेल्याला पेन्शन असते, वर महागाई भत्ता असतो, आणि तो गेला की बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला ईपीएस-95 ची पेन्शन असते. तिची किमान रक्कम 2014 पासून 1,000 रुपयांवर थांबली आहे आणि महागाई भत्ता तिला माहीतच नाही. त्याच कारखान्याच्या उसाला ज्याने रात्रपाळीने पाणी दिले किंवा जिने तो ऊस खुरपला, त्यांच्यासाठी उरते श्रावणबाळ योजना, आणि तीही उत्पन्नाचा दाखला मिळाला तर. तिघांचे वय एक, गुडघेदुखी एक. फरक फक्त तरुणपणी कोणाच्या हजेरीपटावर नाव होते एवढाच. घोडनदीच्या काठावरच्या शिरूर तालुक्यात रेल्वे नाही, पण रांजणगावची एमआयडीसी आहे, आणि तिथे कंत्राटी कामावर असलेली पिढी अजून म्हातारी व्हायची आहे.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत 65 वर्षांवरील गरजूंना दरमहा 1,500 रुपये मिळतात. अट अशी की नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. दिवसाला हे 58 रुपयेही होत नाहीत. खुरपणीची हजेरी 300 रुपये धरली, तर एका बाईच्या 70 दिवसांच्या कामात ही मर्यादा गाठली जाते. म्हणजे हातपाय हलवणारे एक माणूस जरी घरात असले, तरी ते घर या योजनेच्या हिशेबात बसत नाही. तरीही दाखले निघतात, आणि निघतात हे बरेच आहे, कारण आकडा अक्षरशः पाळायचा ठरवला तर योजनेला फारसे लाभार्थीच उरणार नाहीत. पण ज्या अटीकडे काणाडोळा केल्याशिवाय योजना चालत नाही, त्या अटीचा खरा फटका भलत्याच माणसाला बसतो. काणाडोळा करून घ्यायला ओळख लागते, सेतू केंद्रात चार हेलपाटे घालणारा नातू लागतो, तलाठ्याच्या अहवालाचा पाठपुरावा करणारा कोणीतरी लागतो. जिच्यामागे यातले कोणीच नाही ती खरी निराधार, आणि नेमकी तीच यादीबाहेर राहते. मंजुरी मिळाली तरी हयातीचा दाखला, आधारजोडणी, राबून झिजलेल्या बोटांचा न उमटणारा ठसा हे सगळे पुढे आहेच.

याच राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आणली. तिथेही रक्कम 1,500 रुपयेच. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. वयाची अट 21 ते 65. आता न्हावऱ्याच्या किंवा वरवंडच्या एखाद्या बाईला 65 पूर्ण झाली असे समजू. घर तेच, घरची मिळकत तीच, अंगातली ताकद तेवढी कमी झालेली. पासष्टीच्या आधी तिला 1,500 रुपये मिळवायला अडीच लाखांचे घर चालत होते. पासष्टीनंतर तेवढेच पैसे हवे असतील तर घर 21 हजारांचे असावे लागते. मर्यादा जवळजवळ बारा पटींनी खाली येते, तीही नेमकी मजुरी सुटण्याच्या वयात. हे कोणी दुष्टपणाने केलेले नाही. दोन खात्यांच्या दोन फायली एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, एवढेच. पण यातून एक जुनी समजूत उघडी पडते: आपले धोरण म्हातारपणाला आयुष्याचा टप्पा मानत नाही, लाचारीचा पुरावा मागते. माझे म्हणणे इतकेच आहे की पेन्शन वयावर मिळावी, मुलाच्या मिळकतीवर नव्हे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: मुले असताना सरकारने का सांभाळायचे? पोरे आणखी बेजबाबदार होतील. बेजबाबदार पोरांसाठी कायदा आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007. महाराष्ट्रात तो 2009 पासून लागू आहे. 60 वर्षांवरच्या माणसाला प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो आणि दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. लातूर जिल्हा परिषदेने 2020 मध्ये पुढचे पाऊल टाकले: आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून 30 टक्के कापायचे. ठराव चांगला, पण पगार असेल तरच कापता येईल. आणि निकाल लागला तरी ज्या मुलाविरुद्ध अर्ज केला त्याच्याच चुलीवरची भाकरी खायची असते. गावात ही गोष्ट लपत नाही. म्हणून या कायद्याकडे माणूस वळतो तो बहुधा नाते तुटल्यावर, तुटू नये म्हणून नव्हे. दरमहा स्वतःच्या खात्यात येणारी रक्कम उलट काम करते. औषधाच्या गोळ्या आणि नातवाचा खाऊ यांसाठी हात पसरावा लागला नाही, की घरातली निम्मी कुरबुर सुरूच होत नाही. मुलगा ते पैसे काढून घेईल, असेही म्हणतात. काही घरांत घेईलच. पण हाच तर्क लाडक्या बहिणींच्या नवऱ्यांना लावून ती योजना कोणी अडवली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, निदान या दोन तालुक्यांत. चासकमानचे पाणी, भीमाकाठचा ऊस, पुणे-अहिल्यानगर रस्त्यालगतचे जमिनीचे भाव पाहता इथला म्हातारा गरीब कसा? कागदावर तो खरोखर गरीब नाही. पण सातबाऱ्यावरचे नाव बाजारात चालत नाही. गुंठा विकायचा तर घरात भांडण, न विकावा तर हातात काही नाही, आणि उसाचे बिल ज्याच्या नावाने नोंद त्याच्या खात्यात जाते. शिवाय ते नावही फार दिवस राहत नाही. राहती जागा किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीसपत्राने द्यायची तर महाराष्ट्रात 2015 पासून मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. देणे इतके स्वस्त आहे. दिलेले परत घेणे तितके सोपे नाही. 2007 च्या कायद्याचे कलम 23 म्हणते, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करता येतो. पण अट होती हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये त्यावर बोट ठेवले, आणि जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावत आईची मालमत्ता तिला परत दिली. तिथेही मुलाने सांभाळण्याचे लेखी वचन दिले होते. आपल्याकडे वाटणी करताना असे वाक्य घालायला म्हाताऱ्याला संकोच वाटतो, कारण ते पोरावर अविश्वास दाखवल्यासारखे होते. हा संकोच सरकारनेच दूर करावा: दुय्यम निबंधकाकडच्या बक्षीसपत्राच्या नमुन्यात ती अट आधीच छापलेली असावी, आणि नको असेल त्याने ती मुद्दाम खोडावी.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. एक कोटी वृद्धांना दरमहा 1,500 रुपये म्हणजे वर्षाला 18,000 कोटी. मात्र लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा वर्षाचा अंदाज 46,000 कोटींचा होता, आणि 2011 च्या जनगणनेत राज्यातले साठीच्या वरचे सगळे लोक मिळून सुमारे 1.11 कोटी होते. त्यात पासष्टीची अट ठेवली आणि प्राप्तिकर भरणारे व सरकारी पेन्शनर वगळले, तर आकडा बराच खाली येतो. हे वगळणे तलाठ्याच्या अहवालावाचून, नोंदींवरूनच होऊ शकते. तेव्हा तिजोरीत पैसा नाही असे म्हणण्यापेक्षा तो आधी कुठे द्यायचा हे आपण ठरवले आहे, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होईल. केंद्राची तऱ्हा तर याहून वेगळी: वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला त्याचा वाटा 80 वर्षांखालच्या माणसासाठी आजही 200 रुपये आहे. नेपाळसारख्या आपल्याहून गरीब देशाने 1995 मध्ये पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना भत्ता सुरू केला, रक्कम जुजबी ठेवली, आणि पुढे वय खाली आणत रक्कम वाढवत नेली. पुण्यात हमालांची संघटना बांधणाऱ्या बाबा आढावांनी अरुणा रॉय यांच्यासोबत पेन्शन परिषदेतून हीच मागणी लावून धरली होती, किमान वेतनाच्या निम्म्या पेन्शनची. आणि उत्पन्न न विचारता वयावर हक्क देणे आपल्याला अगदीच अपरिचित नाही. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, मिळकत काहीही असो. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्याला 2022 पासून तिकीट पडत नाही. कंडक्टर वय पाहतो, सातबारा मागत नाही.

सार्वत्रिक पेन्शन एका अर्थसंकल्पात येणार नाही हे उघड आहे. 21 हजारांची अट बदलायला मात्र विधिमंडळात नवा कायदा आणावा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. लाडक्या बहिणीला लावलेली अडीच लाखांची मर्यादा श्रावणबाळला लावावी, रेशनकार्ड दोन्हीकडे सारखेच ग्राह्य धरावे, आणि जिला 65 पूर्ण होतील तिचे नाव नवा अर्ज न मागता एका यादीतून दुसऱ्या यादीत जावे. तिचे आधार, तिचे बँक खाते आणि तिची जन्मतारीख सरकारकडे आधीपासूनच आहे.