घर त्यांचे, पुरावा प्राध्यापकांचा

सामुदायिक मानसशास्त्र ही मानसशास्त्राची तुलनेने तरुण शाखा. १९६५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्वाम्पस्कॉट या गावी भरलेल्या परिषदेत तिचा पाया घातला गेला. माणसाच्या मानसिक त्रासाची मुळे त्याचे घर, वस्ती, रोजगार आणि शेजार यांतही असतात, तेव्हा उपायही तिथे शोधावेत, ही या शाखेची धारणा. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील प्रा. लेनर्ड जेसन यांची कारकीर्द याच धारणेवर उभी आहे. व्यसनातून सावरणाऱ्यांनी स्वतः चालवलेल्या घरांचा अभ्यास आणि त्यांची पाठराखण हा तिचा गाभा.

१९७५ मध्ये जेसन डीपॉलमध्ये रुजू झाले. त्यांचे सुरुवातीचे विषय अगदी रस्त्यावरचे होते. शिकागोच्या पदपथांवरील कुत्र्यांची घाण कशी कमी होईल, याचाही त्यांनी अभ्यास केला. पुढे वुडरिज या उपनगरात मुलांना सिगारेटी किती सहज मिळतात हे त्यांच्या चमूने पोलिसांसोबत तपासले, तेव्हा सुमारे ७० टक्के वेळा दुकानदारांनी त्या बिनदिक्कत दिल्या. १९८९ मध्ये गावाने परवाना आणि दंडाचा नियम केला, तपासणी चालू ठेवली, आणि हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले.

१९७५ मध्येच मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे, दारू सोडलेल्या पुरुषांचे एक सरकारी निवासगृह पैशांअभावी बंद होणार होते. तिथे राहणारे पॉल मलॉय आणि त्यांचे सोबती यांनी तेच घर भाड्याने घेतले आणि पगारी व्यवस्थापकाशिवाय चालवायचे ठरवले. हे पहिले ऑक्सफर्ड हाउस. नियम मोजकेच: कारभार लोकशाही पद्धतीने, खर्च सर्वांनी वाटून, आणि पुन्हा नशा करणाऱ्याने घर सोडायचे. दर आठवड्याला बैठक होते, पदाधिकारी सहा महिन्यांसाठी निवडले जातात, नव्या माणसाला घ्यायचे तर ८० टक्के मते लागतात. राहण्याला मुदत नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या परस्पर-मदत गटाच्या सभा महाराष्ट्रातही मराठीतून भरतात, पण सभा संपली की प्रत्येक जण आपापल्या घरी जातो. ऑक्सफर्ड हाउसमध्ये तीच सोबत स्वयंपाकघरापर्यंत आणि भाड्याच्या हिशेबापर्यंत येते. या प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग हाच. उपचार केंद्रातून बाहेर पडलेला माणूस रात्री कुठे झोपतो आणि कोणाबरोबर जेवतो, यावर पुढचे बरेच काही ठरते.

१९९१ मध्ये जेसन यांनी मलॉय यांना दूरचित्रवाणीवर पाहिले आणि त्यांच्याशी संपर्क साधला. घरे चालत होती, वाढतही होती; ती खरोखर उपयोगी पडतात याचा शास्त्रीय पुरावा मात्र नव्हता. तो उभा करायला वर्षे लागली. आधी लहान अभ्यास झाले, मग सरकारी संशोधन निधीतून एक काटेकोर चाचणी. इलिनॉय राज्यात निवासी उपचार पूर्ण केलेल्या १५० जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. निम्म्यांना ऑक्सफर्ड हाउस, निम्म्यांना उपचारानंतरचा नेहमीचा पाठपुरावा. चिठ्ठी निघाली तरी घरात घ्यायचे की नाही हे तिथले रहिवासीच मतदानाने ठरवत. संशोधनासाठी तो नियम बाजूला सारला नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांनंतर पहिल्या गटात ३१ टक्के लोक नशा करत होते, दुसऱ्यात ६५ टक्के. सरासरी मासिक कमाई अनुक्रमे ९८९ आणि ४४० डॉलर होती. तुरुंगात असलेल्यांचे प्रमाण ३ आणि ९ टक्के भरले.

या कामात घरांमधले लोक केवळ अभ्यासाचा विषय राहिले नाहीत. प्रश्नावल्यांवर त्यांच्याशी चर्चा झाली, आणि माजी रहिवाशांना संशोधन प्रकल्पात पगारी कामावर घेतले गेले. प्राध्यापकाने गटाचा पुढारी न होता त्याच्या उपयोगी पडावे कसे, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

शेजाऱ्यांचा विरोध ही या घरांची जुनी अडचण. नात्याबाहेरच्या किती माणसांनी एका घरात राहावे, यावर अनेक शहरे मर्यादा घालतात. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने अशा पाच जणांची मर्यादा पुढे करून एका ऑक्सफर्ड हाउसला हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी शहराचा मुख्य युक्तिवाद फेटाळला गेला. तरी असे वाद थांबले नाहीत. जेसन यांच्या चमूने मग घरांच्या आकाराचाच अभ्यास केला. आठ किंवा अधिक रहिवासी असलेल्या घरांत गुन्हे आणि आक्रमक वर्तन कमी आढळले. जास्त माणसे म्हणजे एकमेकांना जास्त आधार, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. माणसे कमी ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या शहरांना हे आकडेवारीने दिलेले उत्तर होते.

ही घरे उपचारांची जागा घेत नाहीत. नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास किंवा व्यसनाच्या जोडीला असलेला गंभीर मानसिक आजार यांसाठी डॉक्टर हवाच. नशा करताच घर सोडण्याचा नियमही कठोर आहे. तो बाकीच्यांना सुरक्षित ठेवतो, पण घसरलेल्या माणसाला नेमक्या गरजेच्या वेळी छप्पर गमवावे लागते. त्याच्यासाठी वेगळी सोय उभारणे हे अजून बाकी असलेले काम आहे. ऑक्सफर्ड हाउसची संख्या आता तीन हजारांच्या पुढे गेली असून त्यांतली बहुतेक घरे अमेरिकेतच आहेत.