मडमच्या शाळेत

गेल्या वसंत ऋतूत ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने माझ्या हातात एक पत्र ठेवले. त्याची बावीस वर्षांची मुलगी कॉलेज संपवून चर्चतर्फे दोन वर्षांसाठी ग्वाटेमालात मुलांना शिकवायला निघाली होती. पगार नाही. राहण्याजेवण्याचा खर्चही तिनेच ओळखीच्या लोकांकडून दरमहा वर्गणी गोळा करून भागवायचा. इकडे चर्चतर्फे परदेशी जाणाऱ्यांची ही नेहमीचीच पद्धत आहे, अशी पत्रे तुमच्यापैकी अनेकांना आली असतील. पत्रात हसऱ्या मुलांचा फोटो होता, आणि मुलांना अक्षरांबरोबर प्रभूचीही ओळख करून देणार, असे एक वाक्य होते.

ते पत्र आठ दिवस आमच्या फ्रिजवर लटकत राहिले. शेवटी बायको म्हणाली, "द्यायचे तर दे, नाही तर फेकून दे. रोज दूध काढताना त्याच्याकडे काय बघत बसतोस?"

मी त्या पत्राकडे बघत नव्हतोच. मला आठवत होती नगरची माझी आजी. नगर म्हणजे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. आजी लहानपणी दीड वर्ष 'मडमच्या शाळेत' गेली. तिथे ती बाराखडी शिकली, बेरीज-वजाबाकी शिकली, रुमालाला टाके घालायला शिकली. एके दिवशी तिने देवघरासमोर बसून शाळेतले येशूचे गाणे खड्या आवाजात म्हटले आणि त्याच दिवशी पणजोबांनी तिचे नाव शाळेतून काढले! पण तोवर उशीर झाला होता. पोरगी वाचायला शिकली होती. पुढे श्रावणात शिवलीलामृत वाचायला आख्ख्या आळीत आजीलाच बोलावणे येई. शाळेचा विषय निघाला की ती मडमचे गुण गाई आणि शेवटी म्हणे, "पण बाबांचंही चुकलं नाही."

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला समजत नसे. म्हणून या मडमा मुळात आल्या कुठून, हे शोधू लागलो, आणि शोध येऊन थांबला तो आमच्या अंगणातच म्हणायचा. बॉस्टन परिसरातली आपली मंडळी दर ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला न्यू हॅम्पशरला मोनॅडनॉकच्या डोंगराकडे गाड्या काढतात. त्या डोंगराजवळ मार्लबरो नावाचे छोटे गाव आहे. तिथे १७९५ साली सिंथिया फॅरार जन्मली. आपल्याकडच्या पुस्तकांतून 'मिस फॅरार' म्हणून जिचा ओझरता उल्लेख येतो, ती हीच.

बॉस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेची स्थापना १८१० सालची. तिची पहिली माणसे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरली. कंपनी सरकारला ती नकोच होती. धर्मप्रचारामुळे रयत बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही धास्ती. त्याच वर्षीच्या नव्या सनदेने वाट थोडी मोकळी झाली, आणि मिशनने शाळा व छापखाना काढला. १८२४ पासून मुलींच्या शाळाही सुरू झाल्या. पण त्या बघायच्या कुणी? मिशनरींच्या बायका मुलाबाळांत आणि आजारपणांत अडकलेल्या. म्हणून मुंबईहून मागणी गेली की एखादी अविवाहित शिक्षिका पाठवा. १८२७ च्या जूनमध्ये बत्तीस वर्षांच्या फॅरारबाई निघाल्या आणि डिसेंबर संपता संपता मुंबईला पोचल्या. सुएझचा कालवा झाला १८६९ साली, तेव्हा हा प्रवास आफ्रिकेला वळसा घालूनच. अमेरिकेने परदेशी धाडलेली ही पहिली अविवाहित बाई, असे बऱ्याच ठिकाणी छापलेले सापडते, पण ते बरोबर नाही. त्याच बोर्डाने १८२२ साली बेट्सी स्टॉकटन या गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रीला हवाईला पाठवले होते, आणि तिने तिथे सामान्य लोकांसाठी शाळा चालवली. आणखी एक गंमत. बोर्डाच्या दप्तरी या सगळ्या बायकांचा हुद्दा 'सहायक मिशनरी'! मग नवरा असो वा नसो. नवराच नसलेल्या फॅरारबाई नेमक्या कुणाच्या सहायक, हे बोर्डालाच ठाऊक.

तिथला दिवस कसा जाई? आपल्या मनात चित्र असते ते फळ्यासमोर उभ्या असलेल्या गोऱ्या बाईचे. प्रत्यक्षात ती आधी विद्यार्थिनी होती. पंडिताकडे बसून मराठी शिकायची, आणि तीही हाताशी मोल्सवर्थचा कोश नसताना, कारण तो आला १८३१ साली. भाषा येईपर्यंत मुलींशी बोलणार काय? वर्ग चालवीत ते नेमलेले पंतोजी. शाळा म्हणजे कुणाच्या घराची ओटी किंवा भाड्याची खोली. बाईंचे काम या विखुरलेल्या शाळांची फेरी करण्याचे. आज कोण आले, कोण नाही, धडा कुठवर आला, हे बघायचे, वाचून घ्यायचे, पाठांतर ऐकायचे, शिवण शिकवायचे. पंतोजी बहुधा हिंदू. म्हणजे ख्रिस्ती प्रश्नोत्तरी पाठ करून घेणारा मास्तर स्वतः संध्या करून शाळेत आलेला! यात मिशनला अवघडल्यासारखे होत असणारच, पण दुसरा शिक्षक आणणार कुठून?

मुलींचा पट टिकवणे ही रोजची लढाई. धाकट्या भावाला सांभाळायचे आहे, सण आहे, साथ आली आहे, अशा कारणांनी पोरी घरी राहत. त्यांनी यावे म्हणून कापड, खाऊ, लहानसहान बक्षिसे द्यावी लागत. थोडे वाचता येऊ लागले की लग्न, आणि लग्न झाले की शाळा संपली. आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणजे शाळेतली सगळ्यात थोरली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आखावा आणि विद्यार्थिनी दीड वर्षात जावी, अशी ती तऱ्हा. आजीची गोष्ट त्यानंतर शंभर वर्षांनी घडली आणि तिचेही दीडच वर्ष झाले, हे मला फार लागले.

मग हा खटाटोप कशासाठी? इथे आड पडदा ठेवण्यात अर्थ नाही. या प्रॉटेस्टंट मंडळींच्या श्रद्धेप्रमाणे प्रत्येक माणसाने बायबल स्वतः वाचायला हवे. मधला पुरोहित नको. म्हणजे अक्षरओळख हा त्यांच्या लेखी धर्माचाच भाग, आणि बाईलाही ती तितकीच आवश्यक. शाळा हे त्यांचे निमित्त नव्हते, पण साध्यही नव्हते. इकडे पालकांनाही हे कळत होते. अक्षर मिळते ते घ्यावे, बाकीचे घरी आल्यावर पुसून टाकावे, असा तो रोजचा सौदा. सौदा मोडला की शाळा रिकामी व्हायला वेळ लागत नसे. १८३९ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सन यांच्या शाळेतले दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि मुले भराभर काढून घेतली गेली. त्या आईबापांना धर्मवेडे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आपला मुलगा परक्यांच्या घरी गेला, आता तो पंगतीला बसणार नाही आणि आपल्याला खांदाही देणार नाही, ही भीती मला तरी खोटी वाटत नाही.

प्रकृती ढासळली म्हणून फॅरारबाई १८३७ साली अमेरिकेला परतल्या. इथेच राहिल्या असत्या तर कुणी नावे ठेवली नसती. पण १८३९ मध्ये त्या पुन्हा गेल्या, या वेळी नगरला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना नगरच्या अमेरिकन मिशनची ओळख आहेच. लक्ष्मीबाई टिळकांच्या कितीतरी आधीचे हे नगर. १८४२ साली इथूनच 'ज्ञानोदय' निघू लागले.

याच नगरच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी मित्राबरोबर जाऊन पाहिल्या. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी शाळा काढली त्याआधीची ही गोष्ट, आणि पुढे १८५३ मध्ये 'ज्ञानोदया'त ती त्यांच्याच तोंडून आली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फॅरारबाईंकडे घेतले असेही चरित्रकार सांगतात. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे. जोतीरावांनी बाईंकडून शाळा घेतली, पण बाप्तिस्मा घेतला नाही. मुलींना शिकवता येते, एवढी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि ती घेऊन ते घरी आले. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली छापला कुणी? 'ज्ञानोदया'नेच! आमच्यासारख्या घरांतल्या कुठल्या पत्राने तेव्हा तो छापला असता, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आणि फारसा बरा वाटला नाही.

त्याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, बॉस्टनहून बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले. शाळांवर इतका पैसा, आणि ख्रिस्ती किती झाले? हा त्यांचा रोख. त्यांनी इंग्रजी शाळांना कात्री लावली, शाळांपेक्षा चर्च वाढवण्यावर भर दिला. हिशेबाने बघितले तर अँडरसन चुकत नव्हते. बोर्डाने ज्यासाठी पैसे दिले ते फळ फारच थोडे धरले होते. फॅरारबाई मात्र नगरलाच राहिल्या आणि जानेवारी १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मधली दोन वर्षे धरून चौतीस वर्षांचा काळ हा. तेवढी वर्षे परदेशात राहणे म्हणजे काय, हे निदान आपल्याला तरी समजावून सांगायला नको. बाईंना तर घरच्या पत्राचे उत्तर यायलाही वर्ष लागत असेल.

इतके वाचून झाल्यावर मी फ्रिजवरचे पत्र काढले आणि चेक लिहिण्याआधी त्या मुलीला दोन ओळी पाठवल्या. मुलांना कुठल्या भाषेत शिकवणार, आणि एखाद्या बापाने मुलीला धर्माच्या भीतीने शाळेतून काढले तर तू काय करणार, असे दोनच प्रश्न. सोबत आजीची हकीकतही लिहिली. उत्तर लांबलचक आले. तिथल्या मुलांच्या घरची भाषा स्पॅनिश नाही, किचे आहे, म्हणून पहिले काही महिने ती स्वतः दोन्ही शिकणार होती. दुसऱ्या प्रश्नावर तिने लिहिले, "मला माहीत नाही. बहुतेक त्या मुलीला पुस्तक घरी नेऊ देईन."

मी दरमहा पंचवीस डॉलर कबूल केले. सहकाऱ्याला सांगितले की हे वह्या-पाटीसाठी. बाकीचे तुमचे तुम्ही बघा. तो हसला. पैशांवर असे लेबल लावता येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तिची पत्रे येतात. फेब्रुवारीच्या पत्रात होते की कॉफीची तोडणी चालू असल्याने निम्मा वर्ग रिकामा आहे, आणि जी मुले येतात ती तिच्या किचे उच्चारांना पोट धरधरून हसतात.