आज्ञावलीचा रोजनामा

जहाजाची दिशा, वेग आणि प्रवासातील घटना ज्या वहीत लिहून ठेवतात, तिला इंग्रजीत ‘लॉगबुक’ म्हणतात. संगणकाच्या आज्ञावलीलाही असाच रोजनामा लागतो. तिकीट आरक्षणाचा संगणक मध्यरात्री अडला, तर कारण शोधणाऱ्या तंत्रज्ञाला पुष्कळदा नोंदींच्या फाइलचाच आधार असतो. अशा नोंदी ठेवण्याच्या कामास ‘लॉगिंग’ असे म्हणतात.

जावा भाषेत लिहिलेल्या आज्ञावलींसाठी हे काम करणारी ‘लॉगफोरजे’ ही एक प्रसिद्ध लायब्ररी आहे. तिच्यात नोंदींच्या महत्त्वानुसार चढत्या पायऱ्या असतात : ‘ट्रेस’, ‘डीबग’, ‘इन्फो’, ‘वॉर्न’, ‘एरर’ आणि ‘फेटल’. ‘वॉर्न’ ही पायरी ठरविल्यास ती व तिच्या वरच्या पायऱ्यांच्याच नोंदी लिहिल्या जातात. कोणती पायरी ठेवावी, नोंदी पडद्यावर दाखवाव्यात की फाइलमध्ये लिहाव्यात, हे ‘कॉन्फिगरेशन’ फाइलमध्ये नमूद करतात. त्यामुळे मूळ आज्ञावलीला हात न लावता नोंदींची व्यवस्था बदलता येते.

या व्यवस्थेत काही अडचणी वारंवार उद्भवतात. लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीला कॉन्फिगरेशन फाइल सापडली नाही, तर ती केवळ ‘एरर’ व त्यावरील नोंदी पडद्यावर दाखविते. म्हणून अपेक्षित नोंदी दिसत नसतील, तर प्रथम त्या फाइलचे नाव व जागा तपासावी. एकच नोंद दोनदा उमटत असेल, तर ती मुख्य व उपविभागाच्या अशा दोन्ही ‘लॉगर’कडून लिहिली जात आहे का, ते पाहावे. चाचणीसाठी ठेवलेली ‘डीबग’ पायरी तशीच राहिली, तर फाइल फुगून डिस्क भरते. यासाठी ठराविक आकारानंतर नवी फाइल सुरू करण्याची आणि जुन्या फाइली काढून टाकण्याची सोय करावी.

नोंद ठेवणारे साधनही निर्धोक आहे ना, हे पाहणे आवश्यक असते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीतील ‘लॉगफोरशेल’ हा गंभीर दोष उघड झाला. नोंदीत विशिष्ट रचनेचा मजकूर आला, की ही लायब्ररी त्यात दिलेल्या दूरच्या संगणकाशी संपर्क साधीत असे आणि तेथून आलेली घातक आज्ञावली चालविली जाण्याची शक्यता निर्माण होई. असा मजकूर वापरकर्त्याच्या नावाच्या रकान्यात टंकित केला आणि त्याची नोंद झाली, तरी तेवढे पुरेसे होते! त्याच महिन्यात सुधारित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या; परंतु ज्यांनी त्या बसविल्या नाहीत, त्यांचा धोका कायम राहिला. पहिल्या पिढीची देखभाल तर २०१५ मध्येच थांबविण्यात आली आहे.

म्हणून लायब्ररी अद्ययावत ठेवावी आणि नोंदींत पासवर्डसारखी गोपनीय माहिती कधीही लिहू नये. बिघाड झाल्यावर नोंदी वाचता येतात. त्या नीट ठेवण्याची व्यवस्था मात्र बिघाडापूर्वीच करावी लागते.