पक्षातून हकालपट्टी, तरीही आमदारकी कायम : यशवंतपूरच्या सोमशेखर यांच्या कारकिर्दीतून उलगडणारा पक्षांतरबंदी कायदा

बेंगळुरू : महाराष्ट्रातील वाचकांना यशवंतपूर परिचित आहे ते रेल्वेस्थानकामुळे. त्याच नावाचा विधानसभा मतदारसंघ मात्र शहराच्या पश्चिम व नैर्ऋत्य सीमेवर केंगेरी, उल्लाळ, तावरेकेरे अशा निमशहरी पट्ट्यात पसरलेला आहे. येथील आमदार एस. टी. सोमशेखर यांना भारतीय जनता पक्षाने 27 मे 2025 रोजी पक्षविरोधी कारवायांच्या कारणावरून सहा वर्षांसाठी निष्कासित केले. त्यांच्यासोबत यल्लापूरचे आमदार शिवराम हेब्बार यांच्यावरही हीच कारवाई झाली. या निर्णयाने दोघांचीही आमदारकी मात्र गेली नाही.

मतदारसंघ पुनर्रचनेनंतर 2008 मध्ये झालेल्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार असलेल्या सोमशेखर यांचा भाजपच्या शोभा करंदलाजे यांनी अटीतटीच्या लढतीत पराभव केला होता. 2013 आणि 2018 मध्ये मात्र ते काँग्रेसतर्फे विजयी झाले. सिद्धरामय्या यांचे निकटवर्तीय अशी त्यांची ओळख होती. काँग्रेस-जनता दल (धर्मनिरपेक्ष) आघाडीच्या काळात बेंगळुरू विकास प्राधिकरणाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

जुलै 2019 मध्ये हे चित्र पालटले. राजीनामे देऊन मुंबईच्या पवई भागातील हॉटेलात मुक्काम ठोकणाऱ्या आमदारांत सोमशेखर होते. त्यांची भेट घेण्यासाठी आलेल्या डी. के. शिवकुमार यांना पोलिसांनी हॉटेलबाहेरच रोखल्याचे दृश्य तेव्हा देशभर गाजले. 23 जुलै रोजी एच. डी. कुमारस्वामी सरकार 99 विरुद्ध 105 मतांनी कोसळले. सभापती के. आर. रमेश कुमार यांनी एकूण 17 आमदारांना अपात्र ठरवले आणि विधानसभेची मुदत संपेपर्यंत, म्हणजे 2023 पर्यंत, निवडणूक लढवण्यासही मनाई केली.

या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयातील निवाडा सीमाभागातील कागवाडचे तत्कालीन आमदार श्रीमंत बाळासाहेब पाटील यांच्या नावाने ओळखला जातो. 13 नोव्हेंबर 2019 रोजी न्यायालयाने अपात्रता वैध ठरवली, मात्र निवडणूक लढवण्यावरील बंदी रद्द केली. राजीनामा दिल्याने अपात्रतेची कारवाई टळत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. पण अपात्र ठरलेला आमदार पोटनिवडणुकीतून लगेच सभागृहात परतू शकतो, हेही तितकेच स्पष्ट झाले. डिसेंबरमधील पोटनिवडणुकीत सोमशेखर भाजपतर्फे 27 हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले आणि 6 फेब्रुवारी 2020 रोजी बी. एस. येडियुरप्पा मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला. त्यांना सहकार खाते मिळाले. कायद्याची शिक्षा आणि मंत्रिपद यांत जेमतेम सहा महिन्यांचे अंतर राहिले.

2023 मध्ये ते भाजपतर्फेच पुन्हा विजयी झाले. राज्यात सत्ता मात्र काँग्रेसकडे गेली. 27 फेब्रुवारी 2024 रोजी राज्यसभा निवडणुकीत त्यांनी काँग्रेस उमेदवाराच्या बाजूने मतदान केले, तर हेब्बार मतदानाला फिरकले नाहीत. राज्यसभेसाठीचे हे मतदान पक्षप्रतिनिधीला दाखवून करावे लागते, तरीही पक्षादेश मोडल्यास आमदारकी जात नाही. कारण हे मतदान सभागृहाच्या कामकाजाचा भाग नसल्याने त्याला दहावी अनुसूची लागू होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप नय्यर प्रकरणात 2006 मध्येच दिला आहे.

हकालपट्टीबाबतही हीच अडचण आहे. 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार सदस्याने स्वेच्छेने पक्ष सोडल्यास किंवा सभागृहात पक्षादेश झुगारल्यास तो अपात्र ठरतो. पक्षानेच काढून टाकलेल्या सदस्याचा त्यात उल्लेख नाही. जी. विश्वनाथन प्रकरणात 1996 मध्ये न्यायालयाने असा सदस्य कायद्याच्या दृष्टीने मूळ पक्षाचाच मानला जाईल, असे म्हटले. त्यामुळे निष्कासित आमदाराने उघडपणे दुसऱ्या पक्षात प्रवेश केला तर आमदारकी धोक्यात येते. तसा प्रवेश न करता तो सत्ताधाऱ्यांच्या जवळ राहिला, तर पक्षाच्या हाती फारसे काही उरत नाही. विधानसभेची मुदत 2028 पर्यंत आहे.