'डीमन स्लेयर' मुलांना दाखवावं का?

ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, हा समज 'डीमन स्लेयर' या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या पहिल्याच भागात मोडतो. नायक तांजिरो घरी परततो तेव्हा कुटुंब रक्ताच्या थारोळ्यात पडलेलं असतं आणि वाचलेली बहीण नेझुको थोड्याच वेळात राक्षस होते. पुढे बहुतेक राक्षस मरतात ते मुंडकं उडवल्यावर. याच मालिकेच्या 2020 च्या 'मुगेन ट्रेन' चित्रपटाला जपानमध्ये पीजी-12 (बारा वर्षांखालच्यांना पालकांच्या मार्गदर्शनाने), तर अमेरिकेत आर (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच) प्रमाणपत्र मिळालं. एकच चित्रपट, पण निकष वेगळे. म्हणून नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. त्याच चित्रपटात राक्षसाने पाडलेल्या स्वप्नातून जागं होण्यासाठी तांजिरो पुन्हा पुन्हा स्वतःचा गळा चिरतो. मला रक्तापेक्षा हे दृश्य जास्त काळजीचं वाटतं, कारण इथे स्वतःला इजा करणं हा सुटकेचा मार्ग ठरतो.

यावर कुणी म्हणेल, आपण नरसिंहाची गोष्ट ऐकतच मोठे झालो ना? खरंय. पण ऐकताना मूल झेपेल तेवढंच मनात रंगवतं. पडदा ती मुभा देत नाही. दुसरा आक्षेप असा की मालिकेत माया आहे, मरणाऱ्या राक्षसाबद्दलही करुणा आहे. तेही खरं, पण ती करुणा उमगायला थोडं वय लागतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला आधी मुंडकंच दिसतं.

माझं मत: तेराच्या आत नको, त्यानंतर सुरुवातीचे भाग सोबत बसून पाहा. दुसऱ्या एखाद्या मालिकेबद्दल शंका असेल तर मुलाच्या वयासह कमेंटमध्ये विचारा.