कृष्णधवल फिल्म व छायाचित्रणाची शिस्त

हल्लीं घरोघरीं मोबाइलवर छायाचित्रें निघतात. एका मुंजीचीं हजार चित्रें सहज जमतात आणि पुढें तीं कोणी क्वचितच पाहतो. अशा काळीं कांहीं तरुण जुना कॅमेरा घेऊन कृष्णधवल फिल्मकडे वळले आहेत, हें आम्हांस स्वागतार्ह वाटतें. एका रोलवर ३६च चित्रें निघत असल्यामुळें कळ दाबण्यापूर्वीं विचार करावा लागतो.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ लेप असून त्यांत रुप्याच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडतांच त्यांत जो फरक होतो तो डोळ्यांस दिसत नाहीं. सांख्यांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर ही प्रतिमा ‘अव्यक्त’ असते. डेव्हलपर नांवाचें रसायन तिला व्यक्त करतें. प्रकाश लागलेल्या स्फटिकांचें काळें रुपें बनतें, आणि उरलेले क्षार हायपोनें विरघळवून काढावयाचे असतात. उजेडाच्या जागीं काळी व सावलीच्या जागीं स्वच्छ अशी जी उलटी प्रतिमा राहते तीच निगेटिव्ह. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांस १८१९ मध्यें आढळला व १८३९ सालीं तो छायाचित्र कायम करण्याच्या कामीं आला. आपल्याकडेही ही विद्या फार उशिरां आली नाहीं. मुंबईस छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्यें स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते.

नवशिक्यानें प्रथम रंग विसरावा. हिरवी पैठणी व तिचे तांबडे काठ डोळ्यांस कितीही वेगळे दिसले, तरी फिल्मवर दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेंत उतरूं शकतात. म्हणून उजेड कोणत्या बाजूनें येतो व सावली कोठें पडते, इकडे लक्ष द्यावें. श्रावणांतील ढग उठून दिसावयाचे असतील तर भिंगावर पिवळी काच लावावी. निळें आकाश गडद होऊन ढग पांढरे राहतात.

दुसरा नियम सावलीचा. पांढरें धोतर नेसलेल्या सांवळ्या गृहस्थाचें चित्र घेतांना प्रकाश चेहऱ्यावरून मोजावा. चेहऱ्याच्या जागीं पुरेसा प्रकाश पोंचला नाहीं तर तेथें रुपें बनत नाहीं. मग फिल्म कितीही वेळ रसायनांत ठेवली तरी नाक-डोळे परत येत नाहींत. धोतराचा शुभ्रपणा मात्र डेव्हलपिंगचा वेळ थोडा कमी करून आवरतां येतो.

हें काम घरींही होतें. डब्यांत फिल्म भरतांना पूर्ण काळोख हवा. तांबडा दिवा कागदावर छापतांना चालतो, हल्लींच्या सर्वसाधारण फिल्मला चालत नाहीं. रसायनाच्या वेळा बहुधा २० अंश सेल्सिअस उष्णमान धरून दिलेल्या असतात. पुण्यास वैशाखांत नळाचें पाणी याहून बरेंच ऊन असतें. म्हणून रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यांत ठेवून निववावी. शेवटीं फिल्म भरपूर पाण्यानें धुतल्यावांचून टिकत नाहीं.

हा खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजीबाईंचें एकुलतें एक छायाचित्र भिंतीवर होतें. पावसाळ्याच्या ओलीनें बुरशी चढून त्यांतील चेहरा पार गेला. आजीबाईंस पाहिलेलें कोणीही घरांत उरलें नव्हतें. पुढें कपाट आवरतांना शके १८८०, म्हणजे १९५८ सालच्या पंचांगांत निगेटिव्ह सांपडली व तिच्यावरून नवी प्रत निघाली. आपली हनुवटी पणजीची आहे, हें पणतीस त्या दिवशीं प्रथम कळलें.

रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यें कालांतरानें फिकीं पडतात. नीट धुतलेलें रुपें मात्र पिढ्या पाहतें. उटकमंड येथें १९६० सालीं स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना आज बंद आहे. पण त्याच्या ‘इंदु’ फिल्मवरील निगेटिव्ह पुष्कळ घरांतून अजून पडून असतील. त्या रद्दींत देऊं नयेत, ही वाचकांस आमची विनंती आहे. कोरड्या जागीं कागदी पाकिटांत त्या ठेवाव्या आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनें नांव व साल लिहावें. चेहरे ओळखणारीं माणसें आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.